टॅलीत डेटा आणताना आणि टॅलीतून बाहेर काढताना

सावंतवाडीकडच्या एका काजू व्यापाऱ्याची एक्सेल फाइल माझ्याकडे आली तेव्हा सोबत निरोप होता, "सगळं तयार आहे, फक्त टॅलीत टाकायचंय." टॅली म्हणजे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर. फाइल जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून काढलेली. पार्ट्या, आयटम, वर्षभराची बिलं, सगळं एका शीटवर. पहिली नजर गेली ती एचएसएनच्या (जीएसटीसाठी मालाला दिलेल्या कोडच्या) कॉलमवर. काजूगराचा कोड ०८०१३२, आणि फाइलीत सगळीकडे ८०१३२. पुढचं शून्य एक्सेलने गिळलेलं. तिथेच कळलं की हे अर्ध्या तासाचं काम नाही. झालंही तसंच. तीन दिवस लागले, आणि त्यातला प्रत्यक्ष इम्पोर्ट एका मिनिटाच्या आत संपला.

म्हणून हा लेख बटणांपेक्षा बटणाच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाबद्दल जास्त आहे. उदाहरण टॅलीप्राइमचं घेतलंय, कारण आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत आणि सीएच्या ऑफिसात तेच असतं. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर मेनूची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

आधी ठरवा, नेमकं काय न्यायचं

वर्षाची सुरुवात असेल तर मागच्या वर्षांच्या एंट्र्या नव्या कंपनीत ओतण्याचा मोह टाळा. मास्टर्स (म्हणजे खाती, आयटम, युनिट), ३१ मार्चची शिल्लक आणि बिलवार येणं-देणं एवढं आणलं की पुरतं. जुनी वर्षं जुन्या ठिकाणी बघायला मिळाली म्हणजे झालं.

वर्षाच्या मध्ये बदल करत असाल तर माझं मत उलटं आहे. १ एप्रिलपासूनच्या सगळ्या एंट्र्या आणा, ऑक्टोबर असला तरी. अर्धं वर्ष इथे आणि अर्धं तिथे ठेवलं की जीएसटीआर-९ (जीएसटीचं वार्षिक रिटर्न) भरताना आणि ऑडिटला दोन्हीकडचे आकडे हाताने जोडत बसावं लागतं. एकदा ते केलेला माणूस पुन्हा तसं करत नाही.

बॅकअप, आणि तो उघडतो का ते बघणं

ऑल्ट+वाय दाबून बॅकअप घ्या. एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा मेलमध्ये. डेटा फोल्डर सरळ कॉपी करणार असाल तर आधी टॅली पूर्ण बंद करा. मल्टियूजर असेल तर सगळ्या मशीनवरची. चालू टॅलीतून कॉपी केलेला फोल्डर नंतर उघडला नाही, तर दोष कॉपी करणाऱ्याचाच.

घेतलेला बॅकअप रिस्टोअर करून बघा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. त्याच डेटा फोल्डरवर रिस्टोअर केलंत तर त्याच क्रमांकाच्या चालू कंपनीवर जुना डेटा चढतो. टॅली विचारते, पण घाईत आपण एंटर मारतो. एक गोष्ट आणखी: नव्या व्हर्जनमध्ये मायग्रेट झालेला डेटा जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. सीएकडे कुठलं व्हर्जन आहे ते विचारल्याशिवाय अपडेट करू नका.

आणि सगळी चाचणी वेगळ्या, बनावट कंपनीत करा. प्रायव्हेट लिमिटेडसाठी तर हे सक्तीचंच समजा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग (कुठली एंट्री कधी, काय बदलली याची नोंद) ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, त्यामुळे खऱ्या कंपनीत हजार एंट्र्या चुकीच्या आणून पुसल्या तरी त्यांचा माग तिथे राहतो आणि ऑडिटरला उत्तर द्यावं लागतं. प्रोप्रायटर आणि भागीदारी फर्मला हा नियम नाही. लायसन्स नसलेल्या लॅपटॉपवर एज्युकेशनल मोडमध्ये चाचणी करायला गेलात तर तिथे महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एंट्र्या चालतात. मग "इम्पोर्ट होत नाही" म्हणून दोष फाइलीला देऊ नका.

बाहेर काढणं

टॅलीतून टॅलीत न्यायचं असेल तर एक्सएमएल (सॉफ्टवेअरने सॉफ्टवेअरसाठी लिहिलेली फाइल). माणसाने वाचायचं किंवा दुरुस्त करायचं असेल तर एक्सेल. पुरावा म्हणून ठेवायचं असेल तर पीडीएफ. मी तिन्ही काढतो. एक्सएमएल नेण्यासाठी, पीडीएफ नंतर ताळा घालण्यासाठी.

कुठलाही रिपोर्ट उघडून ऑल्ट+ई दाबलं की एक्स्पोर्टचा मेनू येतो. मास्टर्स आणि ट्रान्झॅक्शन्स तिथे वेगवेगळे आहेत. सगळ्यात जास्त लोक फसतात ते डे बुकमध्ये, म्हणजे रोजच्या एंट्र्यांच्या यादीत. डे बुक उघडलं की ते एकाच दिवसाचं दिसतं. तसंच एक्स्पोर्ट केलं तर एका दिवसाच्या एंट्र्या बाहेर पडतात आणि फाइल मात्र छान तयार होते. आधी ऑल्ट+एफ२ दाबून १ एप्रिल ते हवी ती तारीख टाका, मग एक्स्पोर्ट. फाइल कुठे गेली ते सापडत नसेल तर टॅलीच्याच फोल्डरमध्ये बघा. वेगळी जागा दिली नाही तर ती तिथे जाते.

जुनं सॉफ्टवेअर टॅली नसेल तर निदान पाच याद्या काढा: तेरीज (ट्रायल बॅलन्स), खात्यांची यादी (गट, पत्ता, जीएसटी नंबरसह), बिलवार येणी, बिलवार देणी, आणि नगासह स्टॉक. पाचही एकाच तारखेच्या. तेरीज ३१ मार्चची आणि येण्यांची यादी आजची, अशी सरमिसळ झाली की ताळा कधीच बसणार नाही.

एक्सेलमधली साफसफाई

खरा वेळ इथे जातो, जाऊ द्या.

एक्सेलला आकडा दिसला की तो त्याची "सुधारणा" करतो. पुढची शून्यं जातात, जशी काजूच्या कोडची गेली. बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक ४.१२ई+११ असा दिसायला लागतो, आणि ती फाइल सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाइल) म्हणून सेव्ह केलीत तर खरे अंक कायमचे गेले. पंधरा अंकांपेक्षा लांब आकडा असेल तर सोळाव्यापासून पुढे शून्य लागतात. बिल नंबर "३/२४" असेल तर त्याची तारीख होते. उपाय एकच: फाइलवर दोनदा क्लिक करून उघडू नका. रिकामी शीट उघडा, डेटा टॅबमधून फाइल आत घ्या आणि एचएसएन, बिल नंबर, खाते क्रमांक, संदर्भ क्रमांक हे कॉलम आधीच "टेक्स्ट" म्हणून निवडा. शून्य एकदा गेलं की मागून टेक्स्ट करून परत येत नाही.

तारखांचा घोळ त्याहून वाईट, कारण तो लपतो. कॉम्प्युटर अमेरिकी पद्धतीवर सेट असेल तर ०५/०४/२०२५ म्हणजे आपली ५ एप्रिल, तो ४ मे समजतो. महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखा अशा गुपचूप उलटतात. १३ पासूनच्या उलटता येत नाहीत म्हणून टेक्स्ट राहतात. ओळखायची खूण सोपी आहे: कॉलम रुंद करा. काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या तर तुमच्या फाइलीत हा घोळ आहे. विंडोजची रिजनल सेटिंग भारताची करून मूळ फाइल पुन्हा आत घ्या. एकेक तारीख हाताने सुधारत बसू नका.

रकमांमध्ये "१,२५,०००.०० नावे" असं एकाच घरात लिहिलेलं येतं. नावे-जमा (डेबिट-क्रेडिट) वेगळ्या कॉलममध्ये काढा. काही सॉफ्टवेअर उणे रक्कम कंसात देतात. त्या कंसाची एक गोष्ट पुढे येतेच आहे.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. अक्षरं मोजणारा लेन फॉर्म्युला लावून १५ नसलेले वेगळे काढा. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं पॅन, म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल बहुतेक त्या चार अंकांत सापडते.

आणि नावं. "गणेश ट्रेडर्स", "गणेश ट्रेडर्स " (मागे स्पेस) आणि "श्री गणेश ट्रेडर्स" ही टॅलीला तीन माणसं वाटू शकतात. जास्तीच्या स्पेस काढणारा ट्रिम फॉर्म्युला लावा, नावं क्रमाने लावा आणि डोळ्यांनी वाचा. हे काम दुकानातल्या माणसाला शेजारी बसवूनच करा. कोण कोणाचा भाऊ आणि कोणाची फर्म बंद पडून दुसऱ्या नावाने चालू आहे, हे फक्त त्यालाच माहीत असतं.

मराठीत खाती ठेवणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. "कऱ्हाड" हा शब्द कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा र असतो, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते वेगळे शब्द. ऑफिसातल्या दोघांचे कीबोर्ड वेगळे असले की "कऱ्हाड एजन्सी"ची दोन खाती होतात आणि कुणाला कळत नाही का. अशा नावांपैकी एक कॉपी करून फाइंडमध्ये टाका. डोळ्यांना दिसणाऱ्यांपेक्षा कमी सापडली तर हाच प्रकार. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमधली नावं असतील तर ती आधी युनिकोडमध्ये बदला, आणि सीएसव्ही सेव्ह करताना यूटीएफ-८ चा पर्याय निवडा. नाहीतर टॅलीत नुसती चिन्हं उमटतात.

मास्टर्स आधी

व्हाउचर (म्हणजे एंट्र्या) आधी टाकायला गेलात तर टॅली म्हणते हे खातंच नाही. म्हणून क्रम असा: गट, खाती, युनिट, स्टॉक गट, गोडाउन, आयटम. टॅलीप्राइम ४.० पासून (डिसेंबर २०२३) एक्सेल थेट आत घेता येते. त्याआधी एक्सएमएल बनवण्यासाठी बाहेरची युटिलिटी लागायची. ऑल्ट+ओ दाबा, मास्टर्स निवडा. टॅली नमुना फाइल देते, ती वापरा. स्वतःची शीट वापरायची तर कुठला कॉलम कशासाठी ते मॅपिंगमध्ये जुळवून द्या.

एक्सएमएल हाताने किंवा मॅक्रोने बनवत असाल तर नावातलं & हे चिन्ह सांभाळा. "अमुक & सन्स" आलं की फाइल तिथेच मोडते. तो & एक्सएमएलच्या ठरलेल्या पद्धतीने लिहावा लागतो. आपल्याकडे प्रत्येक तिसऱ्या फर्मच्या नावात तो असतो, म्हणून सांगितलं.

इम्पोर्ट करताना टॅली विचारते, खातं आधीच असेल तर काय करू? तीन पर्याय असतात: ओपनिंग बॅलन्स एकत्र करा, डुप्लिकेट सोडून द्या, किंवा नव्या माहितीने बदला. पहिला पर्याय साळसूद वाटतो, पण तीच फाइल चुकून दोनदा चालली तर सगळ्या शिलका दुप्पट. मी नव्या कंपनीत "नव्या माहितीने बदला" ठेवतो. दोनदा चाललं तरी नुकसान नाही.

टॅलीतून टॅलीत नेताना मास्टर्स एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये अखेरची शिल्लक ओपनिंग म्हणून द्यायची सोय आहे. ती चालू करा. पण विक्री, खरेदी, भाडं, पगार या उत्पन्न-खर्चाच्या खात्यांची शिल्लक नव्या वर्षात जात नाही, नफा-तोटा भांडवलात जातो. ती खाती शून्यावर आलीत ना, हे एकदा बघून घ्या.

बिलवार तपशील न आणता पार्टीची एकच ठोक रक्कम आणली तर काम लवकर होतं आणि त्रास वर्षभर पुरतो. कुठलं बिल किती दिवसांचं हे कळेनासं होतं. आता तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर इन्कम टॅक्समधली खर्चाची वजावट त्या वर्षी अडकते. खरेदीचं बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) उलटवावं लागतं. १८० दिवस बिलाच्या तारखेपासून आणि १५-४५ दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, पण बिलाची तारीख दोन्हीकडे हाताशी लागते. तारीख मूळ बिलाचीच आणा, इम्पोर्टच्या दिवसाची नको.

तेरीज जुळवणं

मास्टर्स आले की व्हाउचरला हात लावायच्या आधी ताळेबंद उघडा. "डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस" अशी ओळ दिसली तर थांबा. पुढे जाऊ नंतर बघू, असं म्हणणाऱ्यांच्या पुस्तकात ती ओळ पाच-पाच वर्षं बसलेली मी पाहिली आहे.

काजूवाल्यांच्या फाइलीत फरक होता १८,६४० चा. जुन्या मुनीमांची रीत आहे: फरकाला आधी दोनाने भागा. ९,३२०. ही रक्कम जुन्या तेरजेत शोधली, तर एका गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स निघाला, (९,३२०.००) असा कंसात. तो जमेला हवा होता, कंस गळल्यामुळे नावे पडला, आणि चुकीच्या बाजूला पडलेली रक्कम नेहमी दुप्पट फरक दाखवते. दोनाने भागून काही सापडलं नाही तर नऊने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर कुठेतरी दोन अंक उलटे पडलेले असायची शक्यता मोठी, २७,३०० चे २३,७०० झालेत असं काहीसं.

एकूण बेरीज जुळली म्हणून सुटलो असं नाही. गटवार जुळवा: येणेकऱ्यांची बेरीज जुन्या येणे यादीशी, देणेकऱ्यांची देणे यादीशी, स्टॉक स्टॉकशी, बँका पासबुकाशी. दोन चुका एकमेकींना झाकतात.

मग व्हाउचर

पहिल्या खेपेला एकाच महिन्याचे घ्या. आणि त्याआधी विक्रीच्या व्हाउचर टाइपमध्ये नंबर देण्याची पद्धत मॅन्युअल करा. ती ऑटोमॅटिक राहिली तर तुमच्या बिलांना टॅली स्वतःचे नंबर देऊ शकते. गिऱ्हाइकाच्या हातात ४१ नंबरचं बिल, जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी रिटर्नमध्ये) ४१ भरलेलं आणि पुस्तकात ३९. सगळं आत आल्यावर मागचे नंबर सुधारणं म्हणजे शिक्षा. बिल नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, हेही तेव्हाच तपासा.

टॅलीतून काढलेली एक्सएमएल दुसऱ्यांदा चालवली तर टॅली एंट्र्या बहुधा ओळखते, कारण प्रत्येकीला आतून ओळख क्रमांक असतो. एक्सेलमधून बनवलेल्या एंट्र्यांना तो नसतो. तीच शीट पुन्हा चालवली की दुसरा संच तयार. म्हणून चालवलेल्या फाइलीचं नाव लगेच बदला. मी शेवटी "झाली" असा शब्द जोडतो. गावठी वाटेल, पण चुकत नाही.

इम्पोर्ट संपल्यावर किती आल्या, किती नाकारल्या हे टॅली दाखवते. नाकारलेल्या बहुतेक एंट्र्यांचं कारण एकच असतं, खात्याच्या नावातला एखादा टिंब किंवा स्पेस. नाव शीटमध्ये सुधारा. टॅलीत नवं खातं उघडून वेळ मारून नेऊ नका.

बँकेचं स्टेटमेंट

यात नवख्यांची एक चूक ठरलेली. बँकेच्या कागदावरचं डेबिट म्हणजे आपल्या पुस्तकात पेमेंट, बँक खातं जमा. बँक तिच्या वहीतून बोलते. वरच्या पत्त्याच्या ओळी आणि मधल्या पानांचे मथळे काढून टाका, मग सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च बरोबर अखेरची शिल्लक, हे आधी शीटमध्येच जुळवा. पीडीएफवरून एक्सेल केलेली असेल तर पानाच्या कडेची एखादी ओळ हमखास गळते.

दोन बँका असतील तर एकीतून दुसरीत पाठवलेली रक्कम दोन्ही स्टेटमेंटमध्ये येते. एकीकडचीच घ्या, कॉन्ट्रा (आपल्याच दोन खात्यांमधली एंट्री) म्हणून. कोणाचे ते न कळणारे यूपीआय सस्पेन्समध्ये (उलगडा होईपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात) टाका, पण त्याच आठवड्यात मोकळे करा. महिन्यानंतर गिऱ्हाइकालाही आठवत नाही.

जीएसटीचा ताळा

टॅलीत जीएसटीआर-१ उघडा आणि पोर्टलवर भरलेल्या प्रत्येक महिन्याशी करपात्र रक्कम आणि कर ताडून बघा. माहिती अपुरी असलेल्या एंट्र्या टॅली वेगळ्या काढते, त्यांची संख्या शून्यावर आणा. सावंतवाडीच्या त्या फाइलीत निम्मी गिऱ्हाइकं म्हापसा-पणजीची होती आणि राज्याचा रकाना रिकामा. बांद्याचा नाका ओलांडून माल गोव्यात गेला की आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी. राज्य नसेल तर ही विक्री कुठल्या राज्यातली, हे टॅलीला ठरवता येत नाही. जीएसटी नंबरच्या पहिल्या दोन अंकांवरून एका फॉर्म्युल्यात राज्य भरून घेतलं. पाच कोटींच्या वरची उलाढाल असेल तर ई-इनव्हॉइसचा आयआरएनही (पोर्टलने बिलाला दिलेला क्रमांक) सोबत आणा, नाहीतर नवं सॉफ्टवेअर ते बिल पुन्हा पोर्टलवर पाठवायला निघेल.

सीएला देताना

बॅकअप दिला आणि इकडे तुमच्या एंट्र्या चालूच राहिल्या, तिकडे सीएने घसारा आणि तरतुदी टाकल्या, की एका कंपनीची दोन पुस्तकं झाली. सीएने आपला बॅकअप परत पाठवला आणि तुम्ही तो रिस्टोअर केलात तर मधल्या पंधरा दिवसांची बिलं गेली. माझ्या हातून एकदा गेली आहेत. बिलबुकाच्या कार्बन प्रती होत्या म्हणून निभावलं. आता मी सीएकडून फक्त त्यांनी टाकलेल्या जर्नल एंट्र्या एक्सएमएलमध्ये मागतो आणि त्या आत घेतो. त्यांना हे दोन मिनिटांचं काम आहे, फक्त आधी सांगून ठेवावं लागतं.

जुनं सॉफ्टवेअर सोडताना

जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने आणि कंपनीची हिशेब पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. ऑनलाइन सॉफ्टवेअरचं वर्गणीचं वर्ष संपायच्या आत प्रत्येक वर्षाची खतावणी, डे बुक, तेरीज आणि ताळेबंद पीडीएफमध्ये आणि एक्सेलमध्ये उतरवून घ्या. मुदत संपल्यावर डेटा बघण्यासाठी पुन्हा पैसे भरायला लावलेलं मी पाहिलं आहे. जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यावर जुनं सॉफ्टवेअर अजून उघडतं का ते बघा, आणि उघडत असेल तर एक ऑडिट होईपर्यंत तो कोपऱ्यात राहू द्या.

नव्या कंपनीला टॅलीव्हॉल्टचा (टॅलीतला डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीचा) पासवर्ड घालणार असाल तर तो विसरल्यावर डेटा उघडून द्यायची सोय कोणाकडेच नाही. कागदावर लिहा, पाकीट बंद करा आणि दुकानाच्या तिजोरीत ठेवा.